आबांचा हयातीचा दाखला

टीव्हीचा रिमोट मी ज्वारीच्या डब्यात लपवला, तिथून हे सगळं सुरू झालं. माझा हेतू चांगला होता. (माझे हेतू नेहमी चांगलेच असतात. नडतो तो मी.)

झालं असं की, माझी मुलगी शिवांजली, वय वर्षे सहा, इयत्ता पहिली, एका जागी बसेनाशी झाली होती. लहान मुलं पळतात, हे मलाही मान्य आहे. पण ही पुढच्या दारातून मागच्या दारात, मागच्या दारातून बोळातनं परत पुढच्या दारात अशी पळायची. जेवताना पळायची, अभ्यासाला बसवली तर टेबलाभोवती पळायची, धरून मांडीवर घेतली तरी पाय चालूच, डावा-उजवा, डावा-उजवा. माझ्या दोन्ही मांड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. मी, माझी बायको आणि माझी आई असे तिघं मिळून दिवसातून चारशे वेळा 'थांब' म्हणायचो. 'शिवू, थांब.' 'अगं थांब की.' 'थांब म्हणते न्हवं.' तिच्यावर परिणाम शून्य. शेजाऱ्यांनी आमच्या घराला 'विनंती थांबा' असं नाव पाडलं होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही.

मग मार्चच्या पहिल्या आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. तिच्या वर्गाच्या माया टीचर अगदी सौम्य बाई. त्या म्हणाल्या, "हुशार आहे हो. पण बाकाखाली पाय सारखे चालू. ठक-ठक, ठक-ठक. चाळीस मुलांचं लक्ष तिच्या बुटांकडे. मुख्याध्यापक म्हणतात, एप्रिलच्या मध्यापर्यंत शांत झाली तर ठीक. नाहीतर तुम्ही दाखला घ्या आणि दुसरी शाळा बघा."

म्हणजे माझ्या हातात सहा आठवडे होते आणि सहा वर्षांची मुलगी होती.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. नट, बोल्ट, वॉशर जागच्या जागी ठेवणं हे माझं काम, आणि ते मला येतं, कारण वॉशर पळत नाहीत. नाव पृथ्वीराज. हे नाव आबांनी ठेवलं. आबा म्हणजे माझे वडील, सुभेदार लालासाहेब, मूळचे साताऱ्याकडचे. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आले. पोटी पृथ्वीराज जन्माला आला अशा समजुतीत ते बरीच वर्षं होते. बायकोचं नाव क्रांती. म्हणजे घरात शांती आणायची आणि हाताशी क्रांती, अशी माझी परिस्थिती.

आणि आबा नोव्हेंबरात वारले. हे मी आत्ताच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात ते वेळेवर सांगायचं राहून गेलं.

संध्याकाळी अंगणात खुर्चीवर बसले असताना त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मिरजेच्या दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. शिवूला आम्ही पहिल्याच दिवशी पलूसला क्रांतीच्या माहेरी पाठवलं होतं. दिवसकार्य उरकल्यावर ती परत आली, चपला काढायच्या आधी तिनं विचारलं, "आबा कुठायत?"

मी आईकडे बघितलं, आईनं क्रांतीकडे, क्रांतीनं माझ्याकडे. मग आईच्या तोंडून एकदम निघून गेलं, "हयातीचा दाखला द्यायला गेल्यात साताऱ्याला."

यात आईचा दोष नाही. आबांची पेन्शन साताऱ्याच्या बँकेत होती. ती त्यांनी कधी सांगलीला आणली नाही. दर नोव्हेंबरात ते इस्त्रीचे कपडे घालून एसटीनं जायचे, बँकेत उभं राहून आपण जिवंत आहोत असं लिहून द्यायचे, जुन्या दोस्तांकडे चार दिवस राहायचे आणि शिवूला कंदी पेढे घेऊन यायचे. नोव्हेंबर होता, सवयीचं वाक्य होतं, ते आलं तोंडात. मेलेला माणूस आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला गेला आहे, असं आम्ही त्या पोरीला सांगितलं, आणि सांगितल्यावर तिघंही खोलीत जाऊन रडलो. पाळीपाळीनं, कारण एकानं बाहेर तिच्याजवळ थांबणं भाग होतं.

उद्या सांगू, असं ठरलं. मग रविवारी. मग संक्रांत झाल्यावर. शिवू रोज विचारायची, "अजून दाखला मिळाला न्हाई?" आणि मी रोज म्हणायचो, "गर्दी आहे गं बँकेत." चार महिने ती बँक काही रिकामी झाली नाही.

आता हे खोटं सांभाळायचं म्हणजे काय काय करावं लागतं बघा. आबांचा हार घातलेला फोटो भिंतीवर लावता येईना, म्हणून आईनं तो कपाटात साड्यांच्या मागं ठेवला. शिवू शाळेला गेली की ती कपाट उघडायची, फोटोपुढं उदबत्ती लावायची, हात जोडायची आणि कपाट बंद करायची. क्रांतीच्या सगळ्या साड्यांना देवळाचा वास यायला लागला. एकदा तर कपाटातून धूर येताना बघून मी वरून बादलीभर पाणी ओतलं. (दोन पैठण्या गेल्या. त्यातली एक लग्नातली.) आई कपाळाची टिकलीही शिवूची रिक्षा यायच्या वेळी लावायची आणि ती झोपली की काढून आरशाला चिकटवायची. आरशावर टिकल्यांची रांग लागली होती. ती रांग बघितली की मला दाढी करता यायची नाही.

असो. माया टीचरनीच एका समुपदेशक मॅडमचा पत्ता दिला. आम्ही शिवूला घेऊन गेलो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरात अलीकडे काही मोठा बदल झालाय का?"

शिवू खुर्चीभोवती चकरा मारत होती. कान आमच्याकडे होते. क्रांतीनं मान खाली घातली.

मी म्हणालो, "नवीन फ्रिज घेतला."

मॅडमनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, "थंड पाणी, थंड पेयं कमी करा." माझ्या अकलेवर त्यांचे पुढचे सगळे उपाय उभे राहिले. घरातल्या वातावरणात बदल करा म्हणाल्या. टीव्ही बंद. साखर बंद. भिंतींना सौम्य रंग. सामान कमी. आणि घरात एक शांत कोपरा तयार करा, जिथं मूल आपणहून जाऊन बसेल.

त्यातलं पहिलं कलम म्हणून मी रिमोट ज्वारीच्या डब्यात लपवला.

त्याच दुपारी आईनं ज्वारी दळायला पाठवली. तासाभरात गिरणीवाल्याचा फोन आला. "आवं भाऊ, तुमच्या ज्वारीत बटनं निघाल्यात." जात्याचा दगड टवकला होता. शिवाय शिवू टीव्ही बघतच नव्हती, कारण टीव्ही बघायला बसावं लागतं. बघायची ती आई. संध्याकाळची तेवढी एक मालिका होती तिला, तिच्या नावाखाली ती निवांत डोळे पुसू शकायची. तेवढीही सोय मी बंद केली.

साखर बंद केली. शिवूला आजीनं गूळ सुरू केला आणि बिनसाखरेचा चहा माझ्या एकट्याच्या वाट्याला आला.

मग मॅडमचा एक शब्द आईच्या हाती लागला. क्रांती स्वयंपाक करताना तिला म्हणाली होती, "आत्या, मॅडम म्हणत्यात पोरीला शांत करायची गरज हाय."

"बघ," आई म्हणाली, "मी काय म्हणत हुते? मूळ नक्षत्रावरची हाय ती. जन्मली तवाच शांत करायची, ती ऱ्हायली. तुमी शिकल्याली माणसं, तुमाला मी सांगून पटंना. आता डाक्टरीनबाईच म्हणाया लागली न्हवं शांत करा म्हणून."

"आई, ती शांत वेगळी."

"शांत ती शांत. त्यात काय वेगळं असतंय?"

मग शांतीचा दिवस ठरला. आमचे नेहमीचे गुरुजी बोलावता येईनात, कारण ते आबांच्या कार्याला आले होते आणि शिवूसमोर काही बोलून गेले असते. म्हणून लांबचे, आमची काही माहिती नसलेले गुरुजी आणले. मी सोवळं नेसून बसलो. शिवू होमाभोवती पळत होती. गुरुजी दोनदा म्हणाले, "बाळ, प्रदक्षिणा शेवटी, आणि एकच." मग त्यांनी पळी हातात धरून मला विचारलं, "वडिलांचं नाव?"

"लालासाहेब."

"हयात आहेत का?"

मी समोरच्या सुपाऱ्या मोजायला लागलो. संकल्पात खरं सांगावं लागतं, आणि खरं सांगावं तर पोरगी चार फुटांवर. आई पदराशी चाळा करायला लागली. गुरुजींना वाटलं मला ऐकू कमी येतं. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "तुमचे तीर्थरूप हयात आहेत का?"

"हायत की," शिवू पळता पळता म्हणाली. "हयातीचाच दाखला आणाय गेल्यात."

गुरुजींनी "बरं, बरं" म्हणून पुढचं सुरू केलं. वडील हयात धरून जे काही म्हणायचं असतं ते सगळं त्या दिवशी माझ्याकडून म्हणवून घेतलं गेलं. मी होमाचा धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त केलं. ते मात्र सगळ्यांना पटलं.

शांत होऊनही पोरगी शांत झाली नाही. मी तिसऱ्या कलमाला हात घातला, भिंतींना सौम्य रंग. मजूर न लावता मी स्वतः लावला. (दोन बोटं आणि एक कान अजून त्याच रंगाचे आहेत.) दुकानदारानं दाखवलेल्या कागदावर तो आकाशी होता, भिंतीवर वाळल्यावर हिरवट निळा झाला. मला तो बरा वाटला. आई देवाला जाऊन आली, दारात उभी राहिली आणि बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली.

"ह्यो तर मिरजंच्या दवाखान्याचा रंग हाय रं," ती म्हणाली. मग आत न येता ओट्यावर जाऊन बसली. मी ब्रश घेऊन तिथंच उभा राहिलो. तिला आत बोलवायचं धाडसही मला होईना.

शेवटचं कलम शांत कोपऱ्याचं. आमच्या घराला कोपरे चार. एकात देव, एकात फ्रिज, एकात दार. उरलेल्या चौथ्यात आबांची लोखंडी खाट आणि तिच्याखाली त्यांची काळी ट्रंक, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर घातलेली. मी खाट उचलून गच्चीच्या जिन्याखाली ठेवली, ट्रंक माळ्यावर टाकली आणि तिथं सतरंजी, दोन उशा, चित्रांची पुस्तकं अशी मांडणी केली. शाळेतून आल्यावर शिवूनं ते बघितलं. पाय चालूच होते, पण तोंड उतरलं.

"आबा आल्यावर कुठं झोपायचे?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," मी म्हणालो.

त्या कोपऱ्यात ती एकदाही बसली नाही. घरभर पळायची, पण तेवढी जागा सोडून पळायची. खाटेला अडखळू नये म्हणून वळसा घालायची ना, तसाच वळसा घालायची.

मार्च संपला. एका संध्याकाळी मी आणि क्रांती ओट्यावर बसून हळू आवाजात बोलत होतो. "मला न्हाई वाटत आता काय जमंल," क्रांती म्हणाली. "शाळा दाखला देणारच. मग पलूसला आईकडं ठिवू तिला? तिथं घराम्होरंच जिल्हा परिषदेची शाळा हाय."

"तिला एकटीला?"

"मग काय करू? माझं काळीज तुटत न्हाई म्हणून सांगतेय व्हय मी?"

तेवढ्यात बोळातून शिवू आली आणि आमच्यासमोर जागच्या जागी पाय आपटत उभी राहिली. चेहरा फुललेला होता. चार महिन्यांत मी तो तसा बघितला नव्हता.

"मला दाखला मिळणार हाय?"

"कोण म्हणालं?" मी म्हणालो.

"तुमीच म्हणला आत्ता. कवा मिळणार?"

"ते अजून ठरलं नाही. शांत बसलीस तर नाही मिळणार."

"मग मी न्हाईच बसत," शिवू म्हणाली. "मला मिळाला की आपण साताऱ्याला जाऊन आबांस्नी दिऊ. त्यांना बँकवाले दीना झाल्यात न्हवं? मग ते येतील."

क्रांती उठून आत गेली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ बंद झाला नाही. मी त्या वेळी सांगायला हवं होतं. पोरगी समोर उभी होती, विषय निघाला होता, आणखी काय पाहिजे होतं? पण मी म्हणालो, "तो दाखला वेगळा असतो गं."

"दाखला तो दाखला," ती म्हणाली. अगदी आजीची नात.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मन लावून पळायला सुरुवात केली. आधी बाकाखाली चालायचं ते आता प्रार्थनेच्या वेळी, परिपाठाच्या वेळी, डबा खाताना. माया टीचरचा फोन आला, "अहो, कालपर्यंत बरी होती असं म्हणायची पाळी आणलीय. तुम्ही घरात नक्की काय बदल करताय?"

त्या रविवारी संध्याकाळी क्रांती म्हणाली, "आता एकच ऱ्हायलंय. दमवा तिला. पार दमली की बसंल. तुमीच पळा तिच्यासंगं."

घरामागं एक मोकळा प्लॉट आहे. एका बाजूला बाभळी, एका बाजूला कुणाची तरी म्हैस बांधलेली. मी हाफ पॅन्ट घातली (आठ वर्षांपूर्वीची, त्यामुळे श्वास आधीच कमी घ्यावा लागत होता) आणि शिवूच्या मागं पळायला लागलो. पहिली फेरी ठीक. दुसऱ्या फेरीला म्हशीनं रवंथ थांबवून माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या फेरीला माझं पोट पुढं पोचायचं आणि मी मागून यायचो. चौथीला मी खाली बसलो, किंवा पडलो. त्यातला फरक मला त्या वेळी सांगता आला नसता.

शिवू माघारी आली आणि माझ्यासमोर जागच्या जागी पाय उचलायला लागली. ताठ, हात बाजूला, डावा-उजवा. घामानं केस कपाळाला चिकटले होते. मी पहिल्यांदाच तिच्याकडे इतक्या खालून बघत होतो. आणि मला दिसलं की पोरगी दमलेली आहे. त्या एका संध्याकाळची दमणूक नव्हती ती. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तिला पळायचं नव्हतं.

"पप्पा, बसायचं न्हाई. अजून झालं न्हाई."

"कधी होणार गं बाई?"

"थम म्हणल्यावर."

"मग थांब की. मी म्हणतोय थांब."

"थांब न्हाई, थम." ती माझ्या अडाणीपणाला कंटाळली होती. "थांब काय कुणीबी म्हणतंय. आबा म्हणले हुते, थांब ही विनंती असती, थम हा हुकूम असतो. कदमताल सुरू झाला की थम म्हणूस्तोवर बंद करायचा न्हाई. बंद केला की शिपाई फेल."

"मग तुला थम कोण म्हणणार?"

"आबाच की. त्या दिवशी मी अंगणात पळत हुते, आबा मोजत हुते. मग रिक्षा आली. आबा बसले आणि मला म्हणले, शिपाई, चालू ठेव, मी येऊन थम म्हणतो." तिचे पाय चालूच होते. "ते आलंच न्हाईत. म्हणून मी चालू ठिवलंय."

मी तेव्हा आत आबांचं आधार कार्ड शोधत होतो. रिक्षा दारात, आबा छाती धरून बसलेले, आणि मी फ्रिजवर, गादीखाली, देवघरात आधार कार्ड शोधत होतो. ते त्यांच्याच खिशात होतं. आबांचं शेवटचं धड बोलणं झालं ते या पोरीशी. आणि तिनं ते चार महिने पाळलं होतं. नोव्हेंबर, डिसेंबर, थंडीत, तापात, बाकाखाली, ताटावर, झोपेत. आम्ही तिला चंचल ठरवलं, तिची साखर तोडली, भिंती रंगवल्या, नक्षत्राची शांत केली. घरात दिलेला शब्द पाळणारं माणूस एकच होतं आणि त्यालाच आम्ही दुरुस्त करायला निघालो होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"शिवू," मी म्हणालो, "आबा साताऱ्याला गेले नाहीत."

"मग?"

"मिरजेला गेले होते. दवाखान्यात." माझा आवाज फाटायला लागला. "तिथंच वारले."

"काय?"

"वारले गं बाळा."

"नीट बोला की पप्पा, कळंना."

"आबा वारले."

तिचे पाय चालू. "म्हंजी गल्लीतला मोत्या मेला तसं?"

"तसंच."

"दाखला मिळाला तरी यायचे न्हाईत?"

"कुठलाही दाखला मिळाला तरी नाही."

मला वाटलं आता ती रडेल. तिच्या चेहऱ्यावर रडू आलंच नाही, काळजी आली. खरीखुरी, मोठ्या माणसाची काळजी. "मग माझं थम कोण म्हणणार?"

"मी म्हणतो."

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. हाफ पॅन्ट, माती लागलेले गुडघे, हिरवट निळा कान. "जमंल तुमास्नी?"

मी उठलो. टाचा जुळवल्या. हात मांडीला लावले आणि म्हणालो, "थम."

खोकल्यासारखं काहीतरी बाहेर आलं. तिचे पाय चालूच राहिले. "असं न्हाई. पोटातनं." पोटाची कमतरता नव्हती. मी पुन्हा म्हणालो. म्हशीनं कान हलवला, शिवूनं मान हलवली. "आबा म्हणायचे तसं म्हणा की. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं."

मी डोळे मिटले. अंगणातल्या खुर्चीतला आबांचा आवाज आठवला. तो आवाज ऐकून लहानपणी माझी चड्डी ओली व्हायची. आणि चार महिने पाळीपाळीनं, दार लावून, कपाटात डोकं घालून जेवढं रडायचं राहिलं होतं ते सगळं त्या एका शब्दाबरोबर माझ्या तोंडातून बाहेर आलं. बाभळीवरचे बगळे उडाले. पलीकडच्या रस्त्यावर मोटरसायकलवर जाणाऱ्या एका माणसानं करकचून ब्रेक मारला.

डोळे उघडले तर शिवू उभी होती. एक, दोन, आणि थांबलेली. बुटाला बूट जुळवलेला, एका बुटाची नाडी सुटलेली. तिनं खाली आपल्या पायांकडे बघितलं, ते खरंच थांबलेत का म्हणून. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, सहा वर्षांच्या पोरीसारखी. मी तिला उचलून घेतलं. तिचे पाय माझ्या दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. आम्ही दोघं त्या म्हशीशेजारी कितीतरी वेळ बसलो.

घरी निघालो तेव्हा दारापाशी तिनं माझ्या कडेवरून उतरायचं म्हटलं. फ्रॉकनं नाक पुसलं.

"तुमी काय बोलू नगा," ती हळूच म्हणाली. "आजीला म्या सांगते. तिला म्हाईत नसंल."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

आई सोप्यात मेथी निवडत बसली होती. शिवू चालत गेली, पळत नाही, चालत. आजीच्या हातातली जुडी काढून तिनं बाजूला ठेवली. "आजी, जरा हितं सरक. माझ्याजवळ बस. तुला एक सांगायचंय, घाबरू नगंस." आईनं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे बघून तिला बहुतेक सगळं कळलं, तरी ती सरकून बसली.

"आबा साताऱ्याला न्हाईत गं," शिवू म्हणाली. "आबा वारले. आता यायचे न्हाईत."

आईनं चार महिने जे दाबून ठेवलं होतं ते मग आलं. हंबरडाच तो. क्रांती पिठाच्या हातानं बाहेर धावत आली, एकदा शिवूच्या पायांकडे बघितलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. शिवू आजीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "रड तू. रडलं तर चालतंय," असं म्हणत होती. मी कपाट उघडलं, साड्यांच्या मागून आबांचा फोटो काढला आणि त्या हिरवट निळ्या भिंतीवर खिळा ठोकून लावला. (खिळा दोनदा निखळला. हार क्रांतीनं सरळ केला.)

दिवे लागायच्या वेळेला आई जरा सावरली. शिवू तिच्या मांडीवर आडवी झाली होती. पाय सतरंजीवर पडलेले, गप्प. आईनं त्यांच्यावरून हात फिरवला, पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "तुला कुणी सांगितलं गं हे?"

"पप्पांनी."

"नीट समजावून सांगितलं न्हवं?"

"कुठलं नीट," शिवू जांभई देत म्हणाली. "निम्मं रडण्यातच गेलं त्यांचं. म्या दोन-तीनदा इचारलं तवा कुटं कळलं."